तीन स्क्रू आणि दोन वर्षं

ऑपरेशन थिएटरचं दार उघडतं, सर्जन मास्क हनुवटीखाली ओढत बाहेर येतात आणि बाकावरचे सगळे एकदम उठून उभे राहतात. "व्यवस्थित झालं. तीन स्क्रू टाकलेत." लगेच मोबाइल निघतात. गावाला, पुण्याला, दुबईला निरोप जातो, आईचं ऑपरेशन यशस्वी झालं. निरोपात खोटं काही नसतं, तो फक्त जरा लवकर गेलेला असतो. मांडीच्या हाडाच्या मानेत स्क्रू बसवले त्या दिवशी एवढंच कळतं, की मोडलेले तुकडे जागेवर आलेत आणि धातूने ते धरलेत. हाड जुळलं का, हे समजायला तीन ते सहा महिने जातात. वरचा गोळा जगला का, याचं उत्तर बहुधा दोन वर्षांत मिळतं. कधी त्याहून उशिरा. 'यशस्वी' हा शब्द खरा ठरतो की नाही, ते या मधल्या काळात ठरतं.

"खुबा मोडला" हे घरगुती निदान दोन अगदी वेगळ्या दुखण्यांना लावलं जातं. मांडीचं हाड वर चढतं आणि शेवटी कमरेकडे तिरपं वळतं. ती त्याची मान. मानेच्या टोकाला वाटीत फिरणारा गोळा. मानेच्या खाली, जिथे मोठे स्नायू चिकटतात त्या जाडजूड भागात हाड मोडलं तर रक्ताची ददात नसते. तिथलं हाड जुळायला तयारच असतं. ते सरळ जुळावं एवढीच काळजी. अशा ठिकाणी एक जाड स्क्रू आणि त्याला जोडलेली पट्टी किंवा रॉड घालतात. मानच मोडली तर सगळी गोष्ट बदलते. "शेजारच्या काकूंनाही खुब्यातच लागलं होतं, त्या तर दोन महिन्यांत देवळात जायला लागल्या," असं भेटायला आलेलं कुणीतरी म्हणतंच. काकूंचं हाड बहुधा चार बोटं खाली मोडलेलं असतं.

मानेचं दुखणं अवघड का, हे समजायला घाटमाथ्यावरची एखादी वाडी डोळ्यांपुढे आणावी, जिला खालून चढवलेल्या एकाच पाइपलाइनचं पाणी मिळतं. गोळ्यावर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, त्यातून रक्तवाहिनी आत शिरू शकत नाही. त्यामुळे गोळ्याचं जवळजवळ सगळं रक्त मानेच्या मागच्या-वरच्या बाजूने, हाडाला चिकटून चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येतं. मान मोडून तुकडे सरकले की त्या ताणल्या जातात, पिळल्या जातात किंवा तुटतात. म्हणजे गोळ्याच्या नशिबाचा मोठा भाग न्हाणीघरात पाय घसरला त्या क्षणीच ठरून गेलेला असतो. सर्जन येतो त्यानंतर. दुसरी अडचण हाडाच्या वेष्टनाची. हाताचं हाड जुळताना बाहेरून गाठ धरते, ती आपण बोटांनी चाचपूही शकतो. मानेवर ती गाठ तयार करणारा थर जवळपास नसतोच, त्यात सभोवती सांध्याचं पाणी. त्यामुळे इथे बाहेरचा आधार मिळत नाही. हाडाला आतूनच, कडेला कड लागून सांधावं लागतं. कडा नीट लागल्या नाहीत तर सांधण्यासारखं काही उरतच नाही.

इंग्लंडच्या ॲस्टली कूपर यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात सांध्याच्या पिशवीच्या आतलं आणि बाहेरचं फ्रॅक्चर वेगळं मांडलं आणि आतलं जुळत नाही याचा दोष रक्तपुरवठ्याला दिला. तेव्हा एक्स-रे नव्हते, हे लक्षात घेतलं की या माणसाच्या निरीक्षणाचं नवल वाटतं. त्यानंतर शंभर वर्षं उपाय म्हणजे वजनं लावून पडून राहणं किंवा छातीपासून पायापर्यंत प्लास्टर. वयस्क माणूस त्यात हाडाच्या आधी छातीच्या संसर्गाने किंवा पाठीच्या जखमांनी हरायचा. नॉर्वेत जन्मलेल्या आणि बोस्टनमध्ये काम करणाऱ्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ मध्ये तीन पाकळ्यांचा खिळा मानेतून गोळ्यात ठोकला आणि १९३१ मध्ये त्याचा अहवाल छापला. लगोलग स्वीडनच्या स्वेन योहान्सन यांनी खिळा पोकळ केला, म्हणजे आधी बारीक तार घालायची, एक्स-रेवर ती नीट बसली की तिच्यावरून खिळा सरकवायचा. आजचे पोकळ स्क्रू याच युक्तीवर चालतात. एवढं होऊनही १९३५ मध्ये अमेरिकेचे केलॉग स्पीड यांनी या दुखण्याला 'न सुटलेलं फ्रॅक्चर' असं नाव दिलं. ते नाव अजूनही पुरतं पुसलं गेलेलं नाही.

आता स्क्रू नेमकं करतो काय? तो हाड जुळवत नाही. सुतार दोन फळ्या सरस लावून शिकंजात घट्ट आवळतो. जोड सरसाने होतो, शिकंजा फक्त हलू देत नाही. स्क्रूचं काम शिकंजाचं. साडेसहा ते सव्वासात मिलिमीटर जाडीचे तीन स्क्रू, आटे फक्त टोकाकडे. हे सगळे आटे मोडलेल्या जागेच्या पलीकडे, गोळ्यात गेले पाहिजेत. एखादा आटा जरी अलीकडे राहिला तरी स्क्रू तुकडे आवळण्याऐवजी त्यांना दूर धरून ठेवतो. तिन्ही स्क्रू समांतर घालतात आणि उलट्या त्रिकोणात, म्हणजे एक खाली, दोन वर. खालचा मानेच्या खालच्या भक्कम कडेला टेकून, मागचा मागच्या कडेला टेकून. समांतर अशासाठी की रुग्ण पाय टेकेल तसा गोळा थोडा खाली बसतो, तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि त्या वेळी स्क्रूंनी रुळासारखी वाट द्यायची असते. कापावं लागतं तीन-चार सेंटिमीटर, रक्त थोडंच जातं. हृदय किंवा फुप्फुसं थकलेल्या माणसाला ही मोठीच सवलत आहे.

पण स्क्रूंच्या आधी तुकडे जागेवर आणावे लागतात, आणि निकाल सगळ्यात जास्त त्यावर अवलंबून असतो. ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर समोरून चित्र छान दिसतं आणि बाजूने पाहिलं तर गोळा मागे कललेला असतो. हा मागचा कल राहून गेला, किंवा मान आतल्या बाजूला झुकलेली राहिली, तर उत्तम स्क्रूही फार काळ तग धरत नाहीत. माझं मत विचाराल तर रुग्णाने कंपनी आणि धातू यांची चौकशी कमी करावी आणि ऑपरेशननंतरचे दोन्ही बाजूंचे एक्स-रे मागून घ्यावेत.

स्क्रू कुणाला आणि नवा गोळा कुणाला, हा वाद पन्नास वर्षं चालला. इंग्लंडचे गार्डन यांनी १९६१ मध्ये या फ्रॅक्चरच्या चार पायऱ्या पाडल्या. पहिल्या दोनांत हाड मोडलेलं पण न सरकलेलं, तिसऱ्या-चौथ्यात सरकलेलं. न सरकलेल्यांना स्क्रू, यावर फारसं दुमत नाही, तरीही त्यांच्यातल्या साधारण दहातल्या एकाला पुढे पुन्हा ऑपरेशन लागतं. सरकलेल्या फ्रॅक्चरचा निकाल स्वीडनमध्ये लागला. तिथल्या बारा रुग्णालयांतल्या सत्तर वा त्याहून अधिक वयाच्या ४०९ रुग्णांत हाड जोडणं आणि सांधा बदलणं यांची तुलना झाली आणि २००२ मध्ये ती छापून आली. दोन वर्षांत जोडणं फसलेले ४३ टक्के. बदलणं फसलेले ६ टक्के. इतका उघड फरक वैद्यकात क्वचितच पाहायला मिळतो. पोप जॉन पॉल दुसरे १९९४ मध्ये न्हाणीघरात घसरून पडले तेव्हा ७३ वर्षांचे होते, आणि रोममधल्या सर्जनांनी त्यांना कृत्रिम सांधाच बसवला. आज आपल्याकडेही सत्तरीच्या आजींचं हाड सरकलेलं असेल तर डॉक्टर सहसा "गोळा बदलू" म्हणतात, आणि घरच्यांना वाटतं, एवढं मोठं ऑपरेशन कशाला, छोटे स्क्रू टाका की! छोटं ऑपरेशन दोनदा करण्यापेक्षा मोठं एकदा केलेलं बरं, हे त्या ४३ आणि ६ मध्ये आहे.

मग जिथे जोडायचंच ठरलं तिथे तीन बारीक स्क्रू चांगले की एक जाड सरकता स्क्रू आणि पट्टी? हा प्रश्न 'फेथ' नावाच्या अभ्यासाने २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला. आठ देश, ८१ केंद्रं, त्यांत भारतही. रुग्ण पन्नाशीच्या पुढचे, हजाराहून जास्त. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागलं ते पट्टीवाल्यांत २० टक्क्यांना आणि स्क्रूवाल्यांत २२ टक्क्यांना. म्हणजे जवळपास सारखंच. पट्टीवाल्यांत रक्ताअभावी गोळा सुकण्याचं, म्हणजे मरण्याचं, प्रमाण मात्र ९ टक्के निघालं, स्क्रूवाल्यांत ५. उलट धूम्रपान करणारे, हाड सरकलेले किंवा मान अगदी बुंध्याशी मोडलेले अशांना पट्टीचा थोडा फायदा होत असावा, असंही त्यात दिसलं. मला या अभ्यासातला ठळक आकडा वेगळाच वाटतो. कोणतंही हत्यार घ्या, पाचातल्या एकाला परत टेबलावर जावं लागलं. ऑपरेशनपूर्वीच्या संमतीपत्रावर हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत असायला हवं.

ही परत जायची वेळ का येते?

पहिल्या काही आठवड्यांत येते ती पकड सुटल्यामुळे. ठिसूळ हाडात आटे ओल्या भिंतीतल्या खिळ्यासारखे असतात. गोळा हळूहळू आत झुकतो, स्क्रू वाकतात किंवा गोळ्याचं हाड फाडून वर निघतात. रुग्णाला कळतं ते एवढंच, की चार दिवस बरं वाटत होतं आणि आता जांघेत कळ येते, पाय बाहेरच्या बाजूला पडतो. कधी दोष ऑपरेशनमधलाच असतो. गोळा गोल आणि एक्स-रे सपाट; दोन्ही चित्रांत आत दिसणारं टोक प्रत्यक्षात कूर्चा भेदून सांध्यात डोकावत असू शकतं. तसंच वरच्या-मागच्या स्क्रूचं. मान तिथे पोटाशी बारीक असते, स्क्रू हाडातून बाहेर पडून पुन्हा आत शिरतो आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसतं. तो बाहेर पडतो नेमका गोळ्याच्या पाइपलाइनवर. जाड एकेरी स्क्रूबाबत निदान एक मोजमाप हाती आहे. अमेरिकेतल्या बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतचं दोन्ही एक्स-रेंतलं अंतर मिळून २५ मिलिमीटरपर्यंत असेल तर स्क्रू फाडून निघत नाही. त्यांच्या १२० अशा रुग्णांत एकही निघाला नाही. हा नियम मानेखालच्या फ्रॅक्चरचा. तीन स्क्रूंना इतकी सुटसुटीत पट्टी अजून लाभलेली नाही.

एक अपघात अगदी टाळण्याजोगा आहे. स्क्रू मांडीच्या बाहेरच्या कडेतून आत जातात. तो प्रवेश फार खाली झाला, किंवा जागा चुकली म्हणून तिथेच चार भोकं पाडली गेली, तर हाडाची ती कड तिकिटाच्या टोचलेल्या कडेसारखी होते. महिन्या-दोन महिन्यांनी वळताना किंवा जिना चढताना मांडीचं हाड तिथेच नव्याने मोडतं. मूळ फ्रॅक्चर जुळत आलेलं असतं आणि खाली दुसरंच उभं राहतं.

सहा महिने उलटूनही हाड न जुळणं, हे दुसऱ्या टप्प्याचं दुखणं. मोडीची रेघ जितकी उभी तितकी शरीराच्या वजनाने ती घसरते. जर्मनीच्या पाउवेल्स यांनी हे १९३५ मध्येच कोनांत बसवून दाखवलं होतं. तंबाखू आणि विडी-सिगारेट इथे सरळ नुकसान करतात. धातूचंही एक वय असतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा न जुळलेल्या हाडातला स्क्रू प्रत्येक पावलागणिक थकत जातो. म्हणून तुटलेला स्क्रू दिसला की "माल हलका होता" असा निष्कर्ष घाईने काढू नये. बहुतेक वेळा हाड जुळलं नाही म्हणून स्क्रू तुटलेला असतो.

आणि मग गोळा सुकणं. यात एक विचित्र गोष्ट आहे. गोळ्याचा रक्तपुरवठा गेलेला असतानाही मानेचं हाड जुळू शकतं. रुग्ण चालतो, कामाला लागतो, एक्स-रेवर रेघ मिटलेली असते. आत शरीर मृत हाड खाऊन त्या जागी नवं घालायला लागतं, आणि खाण्याचा वेग घालण्यापेक्षा जास्त असतो. या दुरुस्तीच्या काळातच गोळा कमजोर होऊन वरून चेपतो. गोळा बसला, पण स्क्रू तिथेच उभे. त्यांची टोकं आता उघडी पडून वाटी खरवडू लागतात. दीड वर्षाने पुन्हा सुरू झालेली जांघेतली कळ, किंवा नुसतीच गुडघ्यातली, हे त्याचं पहिलं पत्र. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं हे ठाऊक नसल्याने कित्येकजण गुडघ्याला तेल चोळत राहतात. साध्या एक्स-रेवर हा प्रकार उशिरा दिसतो, एमआरआयमध्ये लवकर. स्क्रू टायटॅनियमचे असतील तर चित्र कमी डागाळतं.

या मोठ्या संकटांच्या सावलीत एक छोटं राहून जातं, आणि भोगणारे सर्वाधिक त्याचेच. हाड जुळतं, पण मान आखूड होऊन. स्क्रूंनी रुळासारखी वाट दिली म्हणजे गोळा खाली बसला, त्याचा हा हिशेब. पाय सेंटिमीटरभर छोटा होतो. कमरेच्या बाजूचे स्नायू ज्या पहारीच्या जोरावर शरीर तोलतात ती पहारही आखूड होते, म्हणून चालताना अंग एका बाजूला झुकतं. मागे सरकलेले स्क्रू मांडीच्या बाहेर टोचतात, त्या कुशीवर झोपता येत नाही. रुग्णालयाच्या वहीत हे प्रकरण 'हाड जुळलं' म्हणून बंद होतं. ज्याला रात्री कूस बदलता येत नाही त्याची वही वेगळी.

तरुणांचा हिशेब मुळातच निराळा. चाळिशीच्या आतल्या माणसाची मान घसरून मोडत नाही; आपल्याकडे बहुधा दुचाकीचा अपघात किंवा बांधकामावरून पडणं. मार जोराचा, रेघ उभी, तुकडे सरकलेले. तरीही इथे धडपड आपला गोळा वाचवण्याचीच, कारण कृत्रिम सांध्याला आयुष्याची मर्यादा आहे, आणि मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून शेतात खुरपणं याला तो बसवल्यावर सहसा मनाई होते. तरुण रुग्णांवरच्या ४१ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये आला. त्यात गोळा सुकणं सुमारे १४ टक्के, न जुळणं ९ टक्के, पुन्हा ऑपरेशन १८ टक्के. म्हणजे अवघड जागेचं दुखणं असूनही बहुतेकांचा गोळा टिकतो.

हाडवैद्याकडे पट्टी बांधून तीन-चार आठवडे गेलेले रुग्ण हा आपल्या देशाचा खास अध्याय. तोवर मानेच्या कडा झिजून जातात आणि नुसते स्क्रू पुरत नाहीत. चंदीगडच्या नागी आणि सहकाऱ्यांनी पोटरीतल्या बारीक हाडाचा तुकडा काढून तो खुंटीसारखा मानेत घालायचा आणि सोबत स्क्रू द्यायचे, ही पद्धत वापरली आणि १९९८ मध्ये ती ब्रिटिश नियतकालिकात मांडली. दुसरा मार्ग पाउवेल्स यांचा. मांडीचं हाड खाली कापून पाचरीने कोन बदलायचा, म्हणजे घसरणारी उभी रेघ आडवी होते आणि वजन तिला दाबू लागतं. साठीच्या पुढे मात्र अशी कसरत न करता सांधाच बदलतात. फसलेल्या स्क्रूंनंतर बदललेला सांधाही चालतो. पहिल्याच फटक्यात बदललेल्याइतका निर्वेध मात्र तो नसतो.

घरी आल्यावरचा पहिला प्रश्न भार टाकण्याचा. पंचाहत्तरीच्या आजोबांना "पायावर पंधरा किलोच भार द्या" असं सांगणं म्हणजे त्यांना झोपवूनच ठेवणं. म्हणून वयस्कांना वॉकर देऊन झेपेल तसं चालू देतात. अंथरुणावर खिळण्याचा धोका स्क्रू हलण्यापेक्षा मोठा. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाश्चात्त्य देशांतही पाचातला एक, कधी चारातला एक, वर्षभरात दगावतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा हाडात नसतं. तरुणांना उलट पहिले सहा ते बारा आठवडे कुबड्या आणि अर्धवट भार. आणखी एक गोष्ट सर्रास राहून जाते, ती ठिसूळपणाच्या औषधाची. खुब्याच्या ऑपरेशननंतर नव्वद दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षातून एकदा इंजेक्शन सुरू केलेले आणि न केलेले अशा २१२७ रुग्णांवरचा अभ्यास २००७ मध्ये आला. नवं फ्रॅक्चर औषध न घेतलेल्यांत १३.९ टक्क्यांना, घेतलेल्यांत ८.६ टक्क्यांना. दुसरा खुबा शिल्लक असतो, आणि न्हाणीघराची फरशीही तीच असते.

शेवटी सगळेच विचारतात, "हे स्क्रू काढायचे कधी?" वयस्कांत सहसा काढत नाहीत. तरुणांत टोचत असतील, हाड पक्कं जुळलं असेल आणि गोळ्याबद्दलची शंका फिटली असेल, तर काढता येतात. पण घालणं सोपं आणि काढणं कटकटीचं, असा अनुभव बरेच सर्जन सांगतात; डोक्यावर हाड चढलेलं असतं, खाच झिजते, स्क्रू नुसताच गरगर फिरतो. काढलेले स्क्रू एका डबीत घालून घरी देतात. हाडात त्यांच्या जागी तीन बोगदे राहतात. ते भरेपर्यंत, म्हणजे काही महिने, धावणं आणि उड्या बंद.